ग्लॉस्टर कथीड्रल: संध्याकाळचं इव्हनसाँग की फेस्टिव्हलची मोठी कॉन्सर्ट?

थ्री क्वायर्स फेस्टिव्हल हा इंग्लंडमधला संगीत महोत्सव हेरफर्ड, ग्लॉस्टर आणि वुस्टर या तीन गावांत आळीपाळीने होतो, जुलैच्या शेवटी, आणि 2015 मध्ये त्याची तीनशे वर्षं साजरी झाली म्हणजे बघा. ग्लॉस्टरच्या कथीड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चमध्ये, रात्रीच्या कॉन्सर्टला मोठा कोरस, वर फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, आणि तो सगळा आवाज दगडी छतावर जाऊन फिरून परत येतो, त्यामुळे फास्ट पॅसेजेस जरा गढूळ होतात हे खरंय, पण संथ संगीत काय खुलतं राव! इंग्रज संगीतकार वॉन विल्यम्सची टॅलिस फँटसिया ही रचना 1910 मध्ये इथेच पहिल्यांदा वाजली, तंतुवाद्यांचे दोन ऑर्केस्ट्रा आणि चौघांचं एक क्वार्टेट, म्हणजे अशाच जागेसाठी लिहिलेली. फक्त सीट बघून घ्या हं, इथले खांब म्हणजे भलतेच जाडजूड, स्वस्त तिकिटात कंडक्टर दिसेलच असं नाही.

इव्हनसाँग म्हणजे चर्चमधली गाऊन केलेली सायंप्रार्थना, तिला तिकीटच नाही. पाऊण तासाच्या आसपास, साम्स (बायबलमधली स्तोत्रं), मॅग्निफिकॅट (मेरीचं स्तुतिगीत), एखादं अँथम (गायकवृंदाचं भक्तिगीत), बस. कोणत्याही धर्माचे असा, मागे शांत बसा, पण टाळ्या वाजवायच्या नाहीत, कारण ही प्रार्थना आहे, प्रोग्राम नाही. क्वायरच्या, म्हणजे गायकवृंद बसतो त्या भागातल्या, लाकडी बाकांवर जागा मिळाली तर गाणारे अगदी हाताच्या अंतरावर, पानं उलटलेलीसुद्धा ऐकू येतात.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने इव्हनसाँगच गाठावं, आणि फेस्टिव्हलच्या आठवड्यात गेलात तर दोन्ही एकाच दिवशी जमतं, मधे जेवून घ्यायचं.