नाशिकमधील संगणक दुरुस्ती सेवा: निदान आधी, खर्च नंतर

महात्मा गांधी रस्त्यावरील या छोट्या दुकानाची मी मनापासून शिफारस करतो. माझ्या डेस्कटॉपमधील प्रोसेसरचा पंखा काम नसतानाही पूर्ण वेगाने फिरत असे. तंत्रज्ञांनी नवा पंखा माथी न मारता आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) तापमान तपासले आणि मग झाकण उघडून दाखवले की पंखा तीन पिनांचा असताना मदरबोर्डचे सेटिंग पीडब्ल्यूएमवर, म्हणजे वेगळ्या तारेतून संकेत पाठवून चार पिनांच्या पंख्याचा वेग ठरवण्याच्या पद्धतीवर होते. वेगाचा आदेश नेणारी चौथी तारच नसल्यामुळे पंख्याला सतत पूर्ण 12 व्होल्ट मिळत होते. सेटिंग डीसीवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याच्या पद्धतीवर नेताच आवाज उतरला. हीटसिंकमधील (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागातील) धूळ काढून, त्या दोहोंमध्ये उष्णता वाहून नेणारी, सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावून दिली, तीही माफक दरात. शनिवारी गर्दी फार असते, त्यामुळे इतर दिवशी जावे.