अडतीस हजारांचा पोपट

माझ्याकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ लिटर, टर्बो पेट्रोल, कंपनीतून निघाली तेव्हा १५० पीएस, म्हणजे साधारण दीडशे घोड्यांची ताकद. सांगलीत विश्रामबागला कॉलेजात असताना या गाडीमागे मान वळवून बघायचो, त्यामुळे सेकंडहँड का होईना, दारात आली तेव्हा घरच्यांपेक्षा मीच जास्त नाचलो. वर्षभर चालवल्यावर खाज सुटली. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, थोडा वाढवायचा, २०० घोड्यांपर्यंत न्यायची, आणि हे सगळं चाळीस हजारांच्या आत. या 'चाळीस हजारांच्या आत'नेच माझा घात केला, तोही लाखाच्या वर.

मी अगदीच अडाणी होतो असं नाही. नुसता बूस्ट वाढवून चालत नाही, हवेच्या प्रमाणात पेट्रोलही पोचावं लागतं, एवढं मला ठाऊक होतं. हिशेबही केला होता. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण ०.६ पौंड इंधन लागतं. २०० ला १२० पौंड. चार इंजेक्टरांत, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांत, वाटलं की प्रत्येकी ३०. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून तो हवा साडेसदतीस पौंडांचा, म्हणजे मिनिटाला ३९५ सीसीच्या आसपास. माझे मूळचे ३१७ चे. ४४० चे टाकले की झालं, वर टाकीतून पेट्रोल ढकलणारा ताशी २५५ लिटरचा पंप. कागदावर सगळं चोख.

हा हिशेब घेऊन मी एका ट्यूनरकडे, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्याकडे, गेलो. नाव आणि गाव लिहीत नाही, सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर आहे एवढं पुरे. माणूस बोलायला गोड. माझा कागद बघून म्हणाला, "दादा, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळत नाही हो. लोक येतात आणि नुसतं 'पळाली पाहिजे' म्हणतात." झालं, मी विरघळलो. अभ्यासू माणसाला फसवायचं असेल तर आधी त्याच्या अभ्यासाची तारीफ करावी, हे त्याला पक्कं माहीत होतं.

भाव ठरला तो असा. पंप ११ हजार, 'ओरिजिनल वॉल्ब्रो, बॉक्सपॅक'. इंजेक्टर १८ हजार, बाहेरून आलेले वापरलेले हिरवे बॉश, ४४० चे. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमधला पेट्रोल-बूस्टचा नकाशा बदलणं, ९ हजार. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं वाइडबँड गेज लावू का विचारलं, तर म्हणाला, "अठरा हजार कशाला घालवताय? मी बसलोय की." बिलाचं विचारलं तर, "बिल घेतलं की जीएसटी पडणार, बघा तुम्ही." मी बघितलं आणि बिल सोडलं. पैसे यूपीआयने गेले, तेही भलत्याच बाईच्या नावावर. 'घरच्यांचं खातं आहे' म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्याने केली, ती नीट वाचा. माझे जुने इंजेक्टर त्याने 'एक्स्चेंज'मध्ये दोन हजार वळते करून ठेवून घेतले. काम दुसऱ्या दिवशी होईल म्हणून गाडीही रात्रभर तिथेच ठेवून घेतली. सकाळी बॉनेट उघडून दाखवलं. रेलवर चार हिरवेगार इंजेक्टर. सोबत छापील 'फ्लो टेस्ट रिपोर्ट': ४४०, ४४१, ४४०, ४३९. वापरलेल्या इंजेक्टरांचे आकडे इतके शिस्तीत कसे, हा प्रश्न तेव्हा डोक्यात यायला हवा होता.

पुढचे तीन महिने गाडी मस्त चालली, आणि या धंद्यातली खरी मेख इथेच आहे. साध्या चालवण्यात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमीजास्त करत राहतो, त्यामुळे इंजेक्टर कुठलाही असो, तो सांभाळून घेतो. पूर्ण पाय दाबला, बूस्ट आला, की माझ्या गाडीसारख्या जुन्या गाडीत तो सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि आत भरलेल्या नकाशावर विसंबतो. आता सांगली-मिरज रस्त्यावर पूर्ण पाय दाबायला जागा आहे कुठे? सिग्नल, वडाप आणि उसाच्या ट्रॉल्या. दाबला तरी चार सेकंद. रिमॅपमुळे गाडी ओढायची खरोखरच जास्त, मी खूश.

मे महिन्यात पुण्याहून परत येत होतो. दुपारचे अडीच, आत चौघं, एसी चालू. खंबाटकीचा घाट चढत होतो. एका कंटेनरला मागे टाकायला तिसऱ्यात पाय दाबला तो दाबलेलाच ठेवला. पत्र्याच्या डब्यात शेंगा हलवाव्यात तसा आवाज आला. मी पाय काढेपर्यंत गाडी थरथरायला लागली होती, आरशात निळा धूर. चढ कसाबसा संपवला आणि कडेला घेतली. तिथून सांगलीपर्यंत टोइंग. बायको वाटेत एक शब्द बोलली नाही, त्यावरून काय ते समजा.

इथे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, तपासलं. तीन सिलिंडरांत दीडशेच्या आसपास, चौथ्यात ६०. पेट्रोल कमी, हवा जास्त, त्यात दाब आणि उष्णता. मिश्रण आपसूक भडकलं आणि पिस्टनच्या रिंगांमधला कठडा तुटला. उघडल्यावर नखाएवढा तुकडा हातात आला. तो मी अजून डबीत ठेवलाय.

मग मिरजेतले आमचे जुने मिस्त्री. त्यांच्याकडे इंजेक्टर टेस्टिंगचं मशीन आहे, चार काचेच्या नळ्यांचं. ४४० सीसी म्हणजे १५ सेकंदांत प्रत्येक नळीत ११० मिली यायला हवं. मशीन थांबलं तेव्हा नळ्यांत होतं ७८, ७९, ७७ आणि ६१. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ब क्लीनरचा फवारा कपड्यावर मारला आणि एक इंजेक्टर पुसला. कपडा हिरवा झाला. "दादा, ह्यो बॉशचा रंग न्हाई. ह्यो दारं रंगवायचा हाय. तुमचा पोपट केलाय त्यानं, आन् वर हिरवा रंगबी दिलाय."

सगळे पुसून झाल्यावर माझं लक्ष तिसऱ्या इंजेक्टरच्या वायरच्या प्लगच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथलं प्लास्टिक खपलीसारखं उडालेलं होतं. पूर्वी इंजेक्टर साफ करताना माझ्याच हातून स्क्रूड्रायव्हर घसरून ते उडालं होतं. माझेच इंजेक्टर. रंगवून मला परत विकले, १८ हजारांना. त्यातल्या दोन हजारांची सूट मला 'एक्स्चेंज' म्हणून मिळाली होती, तेवढं मात्र मान्य करायला हवं.

६१ वाल्याच्या जाळीत रंगाचा पापुद्रा अडकलेला निघाला, आणि तोच चौथ्या सिलिंडरवर होता. बाकीचेही काही सुखात नव्हते. ३१७ चे इंजेक्टर २०० घोड्यांना जवळजवळ पूर्ण वेळ उघडे राहणार, आणि त्यात हल्ली पेट्रोल पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल असलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन घालावं लागतं. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाने आमचीच जिरवली म्हणायची.

गाडीतल्या नव्या पंपाचंही तेच. रेग्युलेटरच्या रिटर्न पाइपला तेलाचा पाच लिटरचा कॅन लावला, बॅटरीला चार्जर जोडला, पंप ३० सेकंद चालवला. २५५ चा पंप दोन लिटरच्या वर टाकायला हवा. कॅनमध्ये आलं ७०० मिली, म्हणजे ताशी ८४ लिटर. बूस्ट एक बार असेल तर पंपाला तीनऐवजी चार बारशी झुंजावं लागतं, तिथे हा आणखी खाली येणार. २०० घोड्यांना तासाला ७२-७३ लिटर तर लागतंच. बॉक्स मात्र सुरेख होता, छपाईत नाव ठेवायला जागा नाही. या पंपाच्या नकला जगभर विकल्या जातात, हे मला नंतर कळलं. आणि ही अख्खी तपासणी अर्ध्या तासाची, पैसे देण्याआधी त्याच्याच दारात करता आली असती. पेट्रोल उघडं असतं म्हणून हे इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत आणि जाणत्या माणसासमोरच करा, एवढं सांगून ठेवतो.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, तुम्ही दाबून चालवली. मग म्हणाला, मिस्त्रीने बदलले असतील. तुटक्या कोपऱ्याचा फोटो पाठवल्यावर आवाज बदलला. "साहेब, तक्रार करा बिनधास्त. गाडीत फेरफार केलाय तुम्ही. कलम ५२. आधी तुमचीच गाडी आत जाईल." तीन महिने मी 'दादा' होतो, आता 'साहेब' झालो. माझ्यासारखी माणसं गप्प बसतात ती याच धमकीने. मीही दोन आठवडे बसलो.

कलम ५२ मोटार वाहन कायद्यात आहे, खोटं नाही. पण माझाच माल रंगवून दुसरा म्हणून मला विकला, ही फसवणूक त्याने माफ होत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नाही हे माझं दुबळेपण. पण यूपीआयची नोंद आहे, 'हिरवे बॉश ४४०' असं लिहिलेली चॅट आहे, त्याचाच छापील रिपोर्ट आहे आणि मिस्त्रींच्या टेस्टचा व्हिडिओ आहे. इंजिनाचं बिल १ लाख १२ हजार झालं. निकाल लागायचाय.

परवा इस्लामपूरच्या एका पोराचा फोन आला. तोच ट्यूनर, तेच हिरवे इंजेक्टर, पण आता २२ हजार. जुने त्याने ठेवून घेतलेत का, एवढंच विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता. रविवारी दहा वाजता त्याला मिरजेला बोलावलंय. कार्ब क्लीनर मी नेतोय.