पेनच्या बॅरलची टोकं साफ करायची चकती: घ्या, पण वेल्क्रो उपटून टाका

लेथवर लाकडी पेनं करणाऱ्यांसाठीची ही चकती, बॅरलची (आत पितळी नळी असलेल्या पेनच्या लाकडी धडाची) टोकं सपाट घासायला. आधीच सांगून टाकतो, चकती चांगली आहे, तिच्याबरोबर येणारा वेल्क्रोवाला सँडपेपर बेकार आहे. ऑनलाइन घेतली, हजाराच्या आत मिळाली. डब्यात साधारण दोन इंची ॲल्युमिनियमची चकती, मधोमध बसणारे वेगवेगळ्या जाडीचे स्टीलचे दांडे, एक ॲलन की आणि गोल कापलेले पेपर, बास. कसं वापरायचं ते कुठेच लिहिलेलं नाही, एक धुरकट फोटो आहे त्यावरून समजून घ्यायचं.

आता ही लागते कशाला? सुपरग्लूचं फिनिश करणाऱ्यांना हा त्रास माहितीच असेल. बॅरल बुशिंगमध्ये (लेथवर बॅरलच्या दोन्ही टोकांना लागणाऱ्या धातूच्या रिंगांमध्ये) धरून आपण ग्लूचे थर देतो, आणि ग्लू काय सांधा बघून थांबत नाही, तो बुशिंगवरपण चढतो आणि दोघांना धरून ठेवतो. मग बुशिंग ओढलं की टक्क करून फिनिशचा टवका सोबत येतो. नाही आला तरी टोकाला ग्लूचं खरखरीत कडं राहतंच, नख फिरवलं की लागतं. ते तसंच ठेवून निबचा भाग किंवा मधली रिंग प्रेस केली तर एकतर फट दिसते, नाहीतर सगळा जोर त्या कड्यावर येतो आणि फिनिशला आतल्या आत बारीक तडा जातो. शिसवीसारख्या काळपट लाकडावर तो तडा पांढरा दिसतो, आणि घेणाऱ्याची नजर बरोबर तिथेच जाते.

बरेच जण याला ट्रिमर लावतात, तोच जो टर्निंगच्या (लेथवर गोल तासण्याच्या) आधी ठोकळ्याचं तोंड पितळी नळीच्या लेव्हलला आणायला वापरतात. त्या कामाला ट्रिमर बेस्ट, पण फिनिश झाल्यावर प्लीज नको. ट्रिमर घासत नाही, तासतो, त्याचं पातं ग्लूच्या पातळ थरात अडकलं की थर लाकडापासून सुटतो आणि मग परत पहिल्यापासून घासा आणि ग्लू द्या. चकती फक्त घासते, म्हणून ही वेगळी चीज आहे.

काम सोपं आहे. दांड्यावर बॅरल सरकवायचं, टोक चकतीच्या पेपरला टेकवायचं आणि फिरवायचं. दांडा चकतीला काटकोनात असला की टोकपण नळीला काटकोनातच घासलं जातं. मी गुण्या लावून बघितलं, माझ्या सेटमध्ये काटकोन व्यवस्थित आहे, या किमतीत तेवढी अपेक्षा नव्हती खरं तर.

तक्रार दांड्याच्या मापाची. ७ एमएमची पितळी नळी बाहेरून ७ असते, आतून सव्वासहाच्या आसपास, आणि यांचा त्या साइझचा दांडा थोडा बारीक निघाला, बॅरल त्यावर डुलतं. बॅरल डुललं की टोक तिरकं घासलं जाणार आणि पेन जोडल्यावर मधल्या रिंगपाशी एका बाजूला फट, दुसऱ्या बाजूला घट्ट. मी दांड्याला साध्या सेलोटेपचा वेढा मारला आणि हलणं बंद झालं, पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूला टेप लावायची वेळ का यावी.

आणि तो वेल्क्रो! वेल्क्रो मऊ असतो, दाब दिला की दबतो, म्हणजे बॅरलचं टोक पेपरमध्ये किंचित रुततं आणि बाहेरची कड गोल होते. आपल्याला नेमकी तीच कड शार्प हवी असते, नाहीतर लाकूड आणि मेटल यांच्यामध्ये बारीक खाच दिसत राहते. मी वेल्क्रो खरवडून काढला, थिनरने गोंद पुसला आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर पातळ डबल टेपने थेट ॲल्युमिनियमवर चिकटवला (फोमवाली टेप लावू नका, परत तोच प्रॉब्लेम). एवढं केल्यावर चकतीचं खरं काम दिसलं.

माझी पद्धत अशी. आधी लेथ स्लो ठेवून स्क्यूच्या (तिरक्या धारेच्या पटाशीच्या) टोकाने बुशिंग आणि बॅरलच्या सांध्यावर हलकी रेघ मारायची, म्हणजे ग्लू तिथेच तुटतो आणि टवका उडत नाही. मग नळीच्या पितळी तोंडावर काळ्या मार्करने गोल रंगवायचं. चकती लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरायची पण मशीन चालू करायचं नाही, बॅरल हातानेच फिरवायचं. दोन-चार वेढे झाले की काढून बघा, एका बाजूची शाई गेली आणि दुसरीकडे शिल्लक असेल तर टोक तिरकं आहे, सगळीकडून सारखं पितळ चमकलं की थांबा. त्यापुढे घासलं तर नळी आखूड व्हायला लागते आणि रिफिलचं टोक बाहेर किती येणार तो हिशोब बिघडतो. मशीन लावून घासणारेपण आहेत, पण त्यात टोक पटकन तापतं, ग्लू मऊ पडतो आणि पेपर भरून जातो.

घासल्यावर नळीच्या आतल्या कडेला पितळेचा बर (धारदार कंगोरा) येतो, तो बारीक गोल कानशीने काढा, नाहीतर मेकॅनिझम (रिफिल आत-बाहेर करणारा भाग) तिरका बसतो. आणि टोकाला उघडं पडलेलं लाकूड इअरबडने पातळ सुपरग्लू लावून बंद करा. हे बरेच जण करत नाहीत आणि मग हाताचा घाम, पावसाळी दमट हवा तिथून आत शिरते आणि कडेपासून फिनिश धुरकट व्हायला लागतं. सागवान असेल तर अजून लक्ष द्या, त्यात मुळातच तेल असतं, ग्लू नीट धरत नाही, टोक आधी ॲसिटोनने पुसून घ्या.

फिनिशच्या वेळी बुशिंगऐवजी पांढऱ्या डेल्रिन प्लास्टिकचे शंकू लावले तर ग्लू त्यांना फारसा चिकटत नाही आणि अर्धी कटकट तिथेच संपते, मी आता तेच लावतो. पण कडं त्यातही थोडं येतंच, त्यामुळे चकती लागतेच.

वर्षातून हौसेने दोन-तीन पेनं करणाऱ्याने हे घेऊ नये. जाड काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर पसरा, बॅरल सरळ उभं धरून हलक्या हाताने गोल फिरवा, मार्करची युक्ती इथेपण चालते. विकायला पेनं करत असाल तर घ्या, वेळ वाचतो आणि दर वेळी टोक सारखं येतं.

पाचपैकी साडेतीन. दांडा मापाचा असता आणि वेल्क्रोऐवजी चिकटवायचा पेपर दिला असता तर साडेचार दिले असते. फाउंटन पेनच्या किट करत असाल तर ऑर्डरच्या आधी विक्रेत्याला दांड्यांची मापं एमएममध्ये लिहून मागा आणि आपल्या नळीचं आतलं माप व्हर्नियरने घेऊन ताडून बघा, पेजवर नुसतं ‘सगळ्या किटला चालेल’ लिहिलंय, त्यावर जाऊ नका.