ल्युपस नेफ्रायटिस: सलाईनमधून सायक्लो की रोजच्या मायकोफेनोलेटच्या गोळ्या?

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, आणि ती किडनीवर उलटली की ल्युपस नेफ्रायटिस. मुलाच्या किडनी बायोप्सीत क्लास ३ नाहीतर ४ (म्हणजे गंभीर प्रकार) आला की डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी बहुतेक दोन नावं पुढे ठेवतात, सायक्लोफॉस्फामाइड (म्हणजेच सायक्लो) आणि मायकोफेनोलेट, आणि आईबापाचा पहिला प्रश्न असतो की यातलं पॉवरफुल कुठलं. तर तसं काही नाहीये. २००९ च्या आल्म्स ट्रायलमध्ये, म्हणजे या दोन औषधांची तुलना करणाऱ्या अभ्यासात, ३७० पेशंट होते, २४ आठवड्यांनी मायकोफेनोलेटवाल्यांपैकी ५६ टक्के सुधारले आणि सायक्लोवाल्यांपैकी ५३, म्हणजे बरोबरीच (१२ वर्षांखालचं मूल मात्र त्यात एकही नव्हतं). स्टेरॉईड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन (ल्युपसची नेहमीची गोळी) तर दोन्हीकडे असतंच.

मग ठरवायचं कशावर? माझ्या मते आधी हे बघा की गोळी खरंच पोटात जाणारे का. मायकोफेनोलेट दिवसातून दोनदा घ्यायचं, महिनोन्‌महिने, आणि १४-१५ वर्षांचं पोर सूज उतरून जरा बरं वाटायला लागलं की गोळ्या गुपचूप टाकून देतं, त्यात जुलाब होत असतील तर हमखास. मग लघवीत प्रोटीन वाढतं, सगळे म्हणतात औषध लागू पडेना, आणि औषध घेतलेलंच नसतं! सायक्लो नर्ससमोर सलाईनमधून जातं, तिथे लपवाछपवी नाही. जुन्या पद्धतीत महिन्याला एक असे ६ डोस, कमी डोसच्या युरो-ल्युपस पद्धतीत ५०० मिलिग्रॅम दर २ आठवड्यांनी, तेही ६ च, पण ३ महिन्यांत आटपतं.

सायक्लोला लोक केसांसाठी घाबरतात, केस येतात परत. खरी काळजी पुढे मूल होण्याची, कारण अंडाशय आणि शुक्राणू दोन्हीवर परिणाम होऊ शकतो आणि एकूण डोस वाढेल तसा धोका वाढतो, म्हणून युरो-ल्युपसचे ३ ग्रॅम त्यामानाने बरे. १२ वर्षांच्या मुलीबद्दल हे विचारायला जीभ रेटत नाही, तरी पहिल्या सलाईनच्या आधीच विचारा. मायकोफेनोलेटमध्ये ही भीती नाही, पण ते चालू असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं, हे वयात आलेल्या मुलीला स्पष्ट सांगायला लागतं.

पांढऱ्या पेशी दोन्हीत घसरतात, त्यामुळे ताप आला की थांबायचं नाही, थेट डॉक्टर. लाइव्ह (जिवंत जंतूंच्या) लसीही बंद.

मी स्वतः रक्तातलं क्रिएटिनिन (ते वाढलं म्हणजे किडनी कमी काम करते) झपाट्याने चढत असेल किंवा गोळ्यांची खात्री नसेल तर सायक्लोकडे झुकेन, नाहीतर मायकोफेनोलेट, पण समोर उभं राहून गिळायला लावून. आणि सायक्लो घेतलं म्हणजे गोळ्या सुटल्या असं समजू नका, ते डोस संपले की पुढची निदान ३ वर्षं बहुतेकांना मायकोफेनोलेटच चालू करतात.