घर ‘तपासायला’ आलेल्या माणसाने ताईला कसं लुबाडलं

घरात रात्री-बेरात्री आवाज येत असतील आणि कुणी ‘घर तपासून देतो’ म्हणत असेल, तर त्याला आत घेण्याआधी हे वाचा. माझ्या थोरल्या बहिणीने आणि भाऊजींनी साठवलेले बरेचसे पैसे अशाच एका माणसाने काढून घेतले. ताईला विचारूनच लिहितोय. त्याचं नाव देत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि तो नावं बदलत राहतो. पद्धत मात्र तो बदलत नसणार, म्हणून ती नीट सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आवाज खरे होते. ताईला भास होत नव्हते. त्यांनी जुनं घर घेतलं आणि राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत हे सुरू झालं. दिवस मावळला की छतावर टक् टक्, मध्येच कुणी जड वस्तू सरकवल्यासारखी करकर. सगळे झोपलेले असताना संडासातल्या फ्लशच्या टाकीत पाणी भरायला लागायचं, जणू आत्ताच कुणीतरी आत जाऊन आलं. त्यानंतर भिंतीतून ठोके यायचे आणि पुन्हा सगळं शांत. ताईने हे बरेच दिवस सोसलं. पण एका पहाटे माझी भाची जागी झाली तेव्हा तिला अंग हलवता येईना, छातीवर दाब जाणवत होता आणि दाराशी कुणीतरी उभं दिसत होतं. ती रडत आईकडे आली आणि ताईचा धीर सुटला.

ओळखीतल्या कुणीतरी त्या माणसाचा नंबर दिला. त्याने फोनवर बराच वेळ आपुलकीने चौकशी केली. घरात कोण कोण, कुणाचं आजारपण झालं का, घराचा आधीचा मालक कसा होता, आवाज कुठून येतात. ताईने मन मोकळं केलं. घरी आल्यावर त्याने यातलंच बरंचसं, थोडं फिरवून, ‘मला इथे जाणवतंय’ म्हणून परत सांगितलं. घाबरलेल्या माणसाला आपण फोनवर काय काय बोललो ते आठवत नाही. त्याला हे पक्कं माहीत होतं.

भाऊजी मंत्र-तंत्रवाल्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. हा म्हणाला, ‘मी मांत्रिक नाही, मी फक्त मोजमाप करतो.’ बॅगेतून यंत्रं काढली आणि तिथेच भाऊजींचा विरोध मावळला. ही यंत्रं बनावट नसतात. ती खरोखर काहीतरी मोजतात आणि म्हणूनच माणूस फसतो. विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर स्विचबोर्डजवळ, फ्रिजमागे किंवा भिंतीतल्या वायरिंगवर धरला की काटा चढणारच. वायर कुठून गेली आहे ते घरच्यांना ठाऊक नसतं, त्यामुळे कोऱ्या भिंतीवर दिवा लुकलुकला की काळजात धस्स होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतच नाही. ज्या पृष्ठभागावर रोखाल त्याचं तापमान तो दाखवतो. रात्री बाहेर गारवा असताना खिडकीची काच भिंतीपेक्षा थंड लागते. त्याने नेमका काचेवर रोखला आणि म्हणाला, ‘इथे उभं आहे.’ तिसरं यंत्र रेडिओची स्टेशनं भराभर पालटत राहणारं. खरखरीत अधूनमधून शब्दांचे तुकडे ऐकू येतात आणि त्यांतून ओळखीचं नाव जुळवायचं काम आपलं मन आपणहून करतं. भाचीचं नाव ऐकू आलं असं सगळ्यांना वाटलं. आधी ते तो स्वतः बोलला होता.

तपासणीचे पैसे किरकोळ होते. खरी कमाई ‘बंदोबस्ता’त होती आणि तो टप्प्याटप्प्याने चालायचा. प्रत्येक टप्प्याआधी तो बजावायचा, ‘आता काही रात्री आवाज वाढतील.’ वाढले तर ‘ते चिडलंय, म्हणजे उपाय लागू पडतोय.’ कमी झाले तर उपाय लागू पडलाच. तसेच राहिले तर ‘मुळं खोल आहेत, पुढचा टप्पा लागेल.’ काहीही झालं तरी त्याचंच खरं ठरायचं. त्याच्या अटीही होत्या. नातेवाइकांना सांगायचं नाही, पैसे रोख द्यायचे, आणि भिंतीला, छताला, पाइपांना कुणाचा हात लागू द्यायचा नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात मोठी खूण वाटते. ज्याला कारण खरंच शोधायचं असतं तो भिंत उघडून बघू देतो.

ताई पैसे द्यायला कचरली तेव्हा त्याने भाचीचं नाव पुढे केलं. ‘त्याचा डोळा मुलीवर आहे.’ यासाठी मी त्याला कधीच माफ करणार नाही. एका शाळकरी मुलीने स्वतःच्या खोलीत झोपणं सोडलं, कारण याला पुढचा हप्ता हवा होता.

शेवटी त्याने सुचवलं की घर विकून टाका, अशी घरं घेणारा एक माणूस माझ्या ओळखीत आहे. त्या माणसाने सांगितलेली किंमत ऐकून भाऊजींनी मला फोन केला.

आम्ही पहिलं काम केलं ते प्लंबरला बोलावण्याचं. त्याने फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकला आणि कुणी फ्लश न करताही थोड्या वेळाने तो भांड्यात उतरला. तळाचं रबर झिजलेलं होतं. पाणी हळूहळू गळायचं, पातळी उतरली की टाकी आपोआप भरायची, आणि भरली की व्हॉल्व्ह खाडकन बंद व्हायचा. ठोके तिथूनच यायचे. वाहतं पाणी एकदम अडलं की पाइपात दाबाची लाट उठते. धातूच्या पाइपात सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारं पाणी एका क्षणात थांबलं, तर दाब वातावरणाच्या दाबाच्या 10 पटींहूनही जास्त वाढू शकतो. त्यात पाइपाचा क्लॅम्प सैल, म्हणून तो भिंतीवर आपटायचा. रात्री पाण्याचा वापर कमी, त्यामुळे नळांना दाब जास्त, आणि आसपास इतकी शांतता की तोच ठोका घरभर ऐकू येतो. भिंती आणि स्लॅबमधून आवाज लांबवर जातो, त्यामुळे तो नेमका कुठला हे कानाला कळत नाही.

छतावरचे आवाज पत्र्याचे होते. 10 मीटर लांबीचा लोखंडी पत्रा 20 अंशांनी गार झाला की 2 मिलिमीटरांपेक्षा थोडा जास्त आखडतो. आकडा छोटा दिसतो, पण पत्रा स्क्रूंनी जखडलेला असतो. ताण साठत जातो आणि झटक्याने सुटतो, तोच टक् आवाज. म्हणूनच तो ऊन उतरल्यावर यायचा.

भाचीला डॉक्टरांकडे नेलं. स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू शिथिल असतात. त्या अवस्थेत मन आधी जागं झालं तर माणसाला हलता येत नाही, छातीवर दाब जाणवतो, खोलीत कुणी असल्याचा भास होतो. याला निद्रापक्षाघात म्हणतात. अपुरी झोप आणि ताण असला की तो जास्त होतो, म्हणजे त्या माणसाने घातलेल्या भीतीने तो वाढण्याचीच शक्यता होती.

आता ज्यासाठी हे मुख्यतः लिहितोय ते सांगतो. ताईचे पैसे गेले, पण अशा घरात याहून वाईटही घडू शकतं. 1921 साली विल्यम विल्मर या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली. त्यांना घरात पावलांचे आवाज ऐकू येत, आकृती दिसत, डोकं दुखे, गळून गेल्यासारखं वाटे. घर गरम ठेवणारी भट्टी सदोष निघाली आणि तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. घरात आवाजांबरोबर सगळ्यांना डोकेदुखी, मळमळ, चक्कर असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर लगेच घराबाहेर पडा, डॉक्टर गाठा आणि गीझर, हीटर, शेगडी तपासून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर विकत मिळतो. अशा वेळी ‘कुणाला सांगू नका, घरातच थांबा’ असं सांगणारा माणूस आला तर काय होईल, या विचाराने मला अजूनही झोप लागत नाही.

घर झपाटलेलं असू शकतं का? मेल्यानंतर काय होतं यावरून मी कुणाशी वाद घालणार नाही. पण ठोक्यांवर पैसे कमावणं फार जुनं आहे. 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल इथे फॉक्स बहिणींच्या घरी ठोके ऐकू येऊ लागले. त्यावर मृतांशी बोलण्याची मोठी चळवळ उभी राहिली. 1888 मध्ये त्यांतल्या मार्गारेटने भर सभेत पायाच्या बोटांचे सांधे वाजवून तो आवाज कसा काढत होतो ते दाखवलं. पुढच्या वर्षी तिने कबुली मागे घेतली, पण प्रात्यक्षिक लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

तुमच्या घरी आवाज येत असतील तर वेळ, हवामान आणि त्या वेळी कुठलं उपकरण चालू होतं ते लिहून ठेवा. एक रात्र पाण्याचा मुख्य कॉक बंद करून बघा. आधी प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि छताचं काम जाणणारा माणूस यांना दाखवा. कुणाला पैसे देऊन बसला असाल तर मेसेज, कॉलची नोंद, पैसे काढल्याच्या बँकेतल्या नोंदी पुसू नका आणि लाजेपायी थांबू नका. भाऊजींनी चिडून जुने मेसेज पुसून टाकले होते, त्यामुळे तक्रार उभी करायला फार जड गेलं. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण तक्रार केल्यावर कळलं की त्याच माणसाविरुद्ध आणखी एका कुटुंबाने आधीच लिहून दिलं होतं. आता दोन्ही कुटुंबं मिळून पाठपुरावा करताहेत.