रोह्यांनी पाठ केलेले राखणयंत्र

यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्यापासून फार लांब नसलेल्या आमच्या वावरात गेल्या रब्बीत रोह्यांपासून (नीलगायींपासून) हरभऱ्याच्या राखणीसाठी मी सौरऊर्जेवर चालणारे आवाजाचे यंत्र बसवले. तालुक्याच्या दुकानात त्याचे ४,५०० रुपये मोजले. वाघाची डरकाळी, कुत्र्यांचे भुंकणे, बंदुकीचा बार आणि माणसाची आरोळी असे चार आवाज याच क्रमाने दर दहा मिनिटांनी भोंग्यातून निघतात. "भाऊ, आता जागल कायमची सुटली समजा," असे दुकानदाराने सांगितले होते. बॅटरी आणि भोंगा चांगले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

पहिला आठवडा मी घरी निर्धास्त झोपलो. नवव्या दिवशी सकाळी धुऱ्यावर, भोंग्याच्या खांबापासून चार पावलांवर, रोह्यांच्या लेंड्यांचा ढीग दिसला. रोही ठरावीक जागीच लेंड्या टाकतात. काडीने उकरून पाहिले तर वरच्या ओल्या आणि खालच्या वाळलेल्या निघाल्या, म्हणजे मी झोपेत होतो त्या रात्रींतही कळप येऊन गेला होता. त्या रात्री वावरातल्या राखणीच्या माळ्यावर बसलो. डरकाळी झाली तेव्हा तिघांपैकी एका रोह्याने कान वळवले, बाकीच्यांनी घाट्यांतून तोंडही काढले नाही. (आमचा कुत्रा त्याहून हुशार निघाला; भोंग्यातल्या कुत्र्यांवर तो दोनच रात्री भुंकला, तिसऱ्या रात्री खांबाखालीच झोपला.)

रोह्यांचे कान बधिर झाले असावेत, ही शंका दुसऱ्या दिवशी फिटली. यंत्रातले आवाजांचे कार्ड काढून मी मोबाइलवर टिपलेला डबा बडवण्याचा आवाज त्यात भरला, तेव्हा तोच कळप धुरा ओलांडून पळाला. ज्या आवाजामागून इजा येत नाही तो सोडून द्यायचा आणि नव्यासाठी सावध राहायचे, हे शिकण्याच्या सर्वांत साध्या रूपांपैकी एक आहे. सुमारे वीस हजार चेतापेशी असलेल्या समुद्री गोगलगायीतही ते आढळते, आणि तिच्यावरील संशोधनासाठी एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मोनिका गॅग्लियानो आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लाजाळूच्या कुंड्या सुमारे १५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या; काही वेळाने झाडांनी पाने मिटणे थांबवले आणि २८ दिवसांनंतरही तो अनुभव टिकून होता. याला शिकणे म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. परंतु जिथे लाजाळूबद्दल असा प्रश्न उभा राहतो, तिथे ज्याला रोज रात्री पोट भरायचे आहे आणि जीवही वाचवायचा आहे, तो रोही फसतच राहील असे यंत्र बनवणाऱ्याने कशाच्या आधारावर धरले, हे मला उमगलेले नाही. खऱ्या वाघासोबत वास असतो आणि वानरांचा इशारा असतो. या वाघाकडे फक्त घड्याळ आहे.

दुकानात तक्रार केली तर मोठा भोंगा घेण्याचा सल्ला मिळाला. आवाज कमी पडला नव्हता, ठरावीकपणा जास्त होता. डबा बडवण्याचा आवाजही पाचव्या रात्रीपर्यंतच टिकला. दर तीन-चार दिवसांनी कार्डावरचे आवाज आणि खांबाची जागा बदलण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनीच हे यंत्र घ्यावे. माझे सध्या घरी पडून आहे. यंदा घाटे भरल्यावर, सोंगणीच्या आधीच्या पंधरा दिवसांतच ते वावरात नेईन, आणि माळाही मोडणार नाही.