गुडघ्याच्या पुडीत काय होतं ते आठ महिन्यांनी कळलं

मी बार्शीत शिवणकाम करते. पायमशीनवर बसून बावीस वर्षं झाली, त्यामुळे गुडघे दुखणं मला नवीन नव्हतं. पण गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात दोन्ही गुडघे सुजले आणि गरम लागायला लागले. सकाळी उठल्यावर तासभर ते वाकायचेच नाहीत. हाताची बोटंही आखडायची, कात्री धरता यायची नाही. इथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रक्त तपासून घ्या म्हणाले. लग्नसराईचे पैसे अजून यायचे होते, म्हणून तपासणी मी पुढे ढकलली.

त्याच सुमारास शेजारच्या काकूंनी एका वैद्याचं सांगितलं. महिन्यातून एका रविवारी तो एका लॉजवर बसायचा. जिन्यापर्यंत रांग. गुडघा दाबून, नाडी धरून तो म्हणाला, "ताई, हाडातलं वंगण संपलंय. सहा महिन्यांत पळायला लागाल." महिन्याच्या साठ पुड्या, ३,२०० रुपये. बिल नाही, पुडीवर नाव नाही. अटी दोनच. इंग्रजी गोळी बंद, आणि रक्त तपासायचं नाही, नाहीतर औषधाचा गुण जातो. त्या दुसऱ्या अटीला मी तेव्हाच उठून यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सूज उतरली. खरंच उतरली! मी मांडी घालून जेवायला बसले, तेव्हा आमच्या ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी स्वतः पाच जणींना त्या लॉजचा पत्ता दिला. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यांत भूक वाढली, झोप उडाली. चेहरा गोल झाला, सगळे म्हणायचे तब्येत सुधारली. दिवाळीला स्वतःचं ब्लाउज शिवायला टेप घेतली, तर छाती-पोटाचं माप चार इंच वाढलेलं आणि दंडाचं एक इंच कमी. माणूस जाड होतं तेव्हा दंडही भरतो, हे मी रोज बघते. असं माप मी कुणाचं घेतलं नव्हतं. तरी पुड्या चालूच ठेवल्या, कारण एक दिवस चुकली की गुडघे ठणकायचे.

मार्चमध्ये तो आलाच नाही, फोनही बंद. पुड्या संपल्या. आठवड्याभरात उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मुलीने सोलापूरला नेलं. बीपी खाली गेलेलं, साखर २८६. डॉक्टर मॅडमनी माझा चेहरा आणि दंडावरचे काळेनिळे डाग बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गुडघ्यासाठी कुठली पुडी घेताय?"

घरी ट्रंकेत राहून गेलेल्या दोन पुड्या निघाल्या. करड्या चूर्णात खडूसारखी पांढरी भुकटी, जिभेला कडू. मॅडम म्हणाल्या, अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं, सोबत दुखण्याची गोळीही. सूज झटक्यात उतरते ती त्यानेच. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं थांबवतात, आणि ते अचानक तुटलं की जिवावर बेततं. सकाळच्या रक्तात माझं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, अगदी खाली होतं. म्हणून कुणी अशी पुडी घेत असेल, तर हे वाचून आज एकदम बंद करू नका. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा. ते मोजून, हळूहळू कमी करतात.

आणि मुळातला आजार? आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या सांध्यांच्या आजारासाठीच्या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. हा आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. वंगणाशी काही संबंध नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. सकाळी तासभर आखडणं आणि गुडघ्यासोबत बोटंही सुजणं ही त्याचीच खूण होती. पुडीने सूज दाबली, आजार आत चालूच राहिला. हाताच्या एक्स-रेत दोन बोटांची हाडं कुरतडल्यासारखी दिसतात. ती आता पूर्ववत होणार नाहीत. २५,६०० रुपये गेल्याचं दुःख आहेच, पण हे आठ महिने गेले त्याचं जास्त आहे.

आता मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध सुरू आहे, आठवड्यातून एकदाच. ते चुकून रोज घेतलं तर घातक ठरतं, म्हणून मुलीने कॅलेंडरवर शुक्रवारांना लाल गोल केलेत. ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. गुण यायला दोन महिने लागले. तिसऱ्या दिवशी सूज उतरवणारं असं त्यात काही नाही.

आयुर्वेदाला मी दोष देत नाही. माझ्या सासूबाईंना नोंदणी असलेल्या वैद्यांचा गुण आला आहे. त्यांच्या कागदावर नोंदणी क्रमांक असतो, औषधाच्या डबीवर घटक, लायसन्स नंबर, बॅच नंबर असतो.

एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, १८००२२२३६५ या टोल-फ्री नंबरवर मी तक्रार दिली आहे. ज्या पाच जणींना पत्ता दिला होता, त्यांच्या घरी रिपोर्ट घेऊन गेले. तिघींनी डॉक्टर गाठले. एकीने दार लोटलं. पाचवीचा चेहरा माझ्यासारखाच गोल झालाय. ती म्हणते, पुडीशिवाय उठताच येत नाही. येत्या सोमवारी तिला घेऊन मी सोलापूरला जाते आहे.